धुतलेलं पेट्रोल

वैजनाथ पाठक सर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा बुलढाण्यातल्या त्यांच्या गल्लीला वाटलं, आता हे सकाळी फिरायला जातील, संध्याकाळी देवळात बसतील. सरांनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी उरलेलं आयुष्य एका गाडीला उभं राहायला शिकवण्यात घालवायचं ठरवलं.

चालायला ती शिकलेलीच होती. पांढरी, पोटाशी गंजलेली, गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बुडाशी असलेली जुनी गाडी. तिला बनवणारी कंपनी सरांच्या डोक्यावरच्या केसांबरोबरच नाहीशी झाली होती. रस्त्यावर ती अजून मुकाट धावायची, राजूरचा घाट न कुरकुरता चढायची. पण तिला जागेवर उभं राहणं सोसायचं नाही. पुढे बैलगाडी आडवी आली, किंवा कुणी नमस्कार केला म्हणून सरांनी ब्रेक दाबला, की तिला थरथर सुटे. आधी आरसा थरथरे, मग काचा, मग समोर लावलेला गजानन महाराजांचा फोटो, मग स्वतः सर. शेवटी एक उचकी देऊन ती बंद पडे. बुलढाण्यात सरांनी शिकवलेली माणसं पावलोपावली होती, आणि ती सगळी नमस्कार करायची.

"गाडी तुमच्यावरच गेली आहे," सरांच्या पत्नी पद्मजाबाई म्हणायच्या. "कामात असली की ठीक. रिकामी उभी राहिली की जिवाची नुसती तगमग."

ते खरं होतं, म्हणून सर बॉनेट उघडून आत डोकं घालायचे.

रोज सकाळी सर दूध आणायला ही गाडी काढायचे. दूधडेअरी पुढच्याच वळणावर होती, पण गाडी रोज हलली पाहिजे असा सरांचा सिद्धांत होता. फाटकाबाहेर आली की गाडी बंद पडायची. मग वरच्या खोलीतून निशिगंधा खाली यायची. ही देऊळघाटच्या पुंजाजींची मुलगी. सरांची जुनी विद्यार्थिनी, आणि फौजदाराच्या परीक्षेचा अभ्यास करायला सरांच्याच घरी वरची खोली भाड्यानं घेऊन राहिलेली. ओढणी कमरेला खोचून ती गाडी ढकलायची, चढावर वळणापर्यंत. "गियर दुसऱ्यावर टाका सर. हां, क्लच सोडा आता," एवढंच ती बोलायची. गाडी सुरू झाली की सर आरशातून तिच्याकडे बघून हात हलवायचे आणि मनात म्हणायचे, मुलीला आपल्याबद्दल किती आदर आहे.

तर ही निशिगंधा फौजदार झाली. निकाल लागला त्याच दिवशी पेढे घेऊन आली, दोघांच्या पाया पडली.

"सर, गावचे लोक मिरवणूक काढून राह्यले. उघडी जीप आणू म्हणतात, फुलं लावून. पण म्या सांगून देलं, मले सरायचीच गाडी पायजे. नाईतं मी बसतच नाई."

आयुष्यभर आपण प्रकाशाचं परावर्तन शिकवलं, आणि आज ते असं उलटून आपल्यावर पडलं, असं काहीसं सरांच्या मनात आलं. वाक्य चांगलं होतं. मिरवणुकीनंतर भाषण करायला सांगितलं तर हेच म्हणावं, असंही त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

पोरगी वर गेल्यावर पद्मजाबाईंनी चहाचे कप उचलत विचारलं, "मिरवणूक किती हळू चालते, ठाऊक आहे ना?"

सरांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला. मिरवणूक म्हणजे वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत बँडच्या मागे मुंगीच्या पावलानं जाणं. दर दहा हातांवर थांबणं, कुणी ओवाळायला आलं की उभं राहणं. म्हणजे जे या गाडीला आयुष्यात जमलं नव्हतं, नेमकं तेच.

"बंद पडणार नाही," सर म्हणाले.

"आणि पडली तर?"

"तर दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलाव. माझा शब्द."

पुण्याहून मुलगा आल्हाद गेली कित्येक वर्षं हेच सांगत होता, की बाबा, ती गाडी काढा, नवी घेऊ. पद्मजाबाईंनी शब्द पदरात बांधून घेतला. त्या रात्री सरांना झोप आली नाही. गाडी गेली तर सकाळी उठून करायचं काय, हा एक प्रश्न होता. आणि भर गावात, आपल्या विद्यार्थिनीच्या मोठ्या दिवशी आपली फजिती झाली तर, या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ऐकायचंच नव्हतं.

सकाळी सर गोकुळच्या गॅरेजात गेले. गोकुळही त्यांचाच विद्यार्थी, विज्ञानात दोनदा नापास झालेला. या गाडीच्या आजाराबद्दल दोघांमध्ये जुना वाद होता. सर म्हणायचे कार्बोरेटरमध्ये दोष आहे, गोकुळ म्हणायचा पेट्रोल खराब आहे. त्या दिवशी गोकुळ म्हणाला, "सर, तुमचंच खरं होतं. कार्बोरेटरच खोलून पाह्यतो." तर सर म्हणाले, "नाही रे, मी विचार केला. पेट्रोलच असणार." मग दोघांनी पुन्हा वाद घातला, फक्त बाजू बदलून. शेवटी गोकुळनं नेहमीचा उपाय केला. पेचकस घेऊन स्क्रू पिळला आणि रेस वाढवून दिली. गाडी घरापर्यंत भुकेल्या रेड्यासारखी हंबरत आली.

सरांनी मात्र पेट्रोलचा पिच्छा धरला. पेट्रोलमध्ये हल्ली उसाचा आणि मक्याचा अर्क मिसळतात हे त्यांनी वाचलं होतं. ज्या गाडीनं जन्मभर शुद्ध पेट्रोल प्यायलं तिला म्हातारपणी ही दारू पाजली, तर तिचे हातपाय थरथरणारच. कुणीतरी सांगितलं की धामणगाव बढ्याकडच्या एका पंपावरचं पेट्रोल चोख असतं. झालं. सर घाट उतरून तिकडे गेले, टाकी भरली, पुन्हा घाट चढून आले. घरी पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं आणण्यातच जळून गेलं होतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच, हे सरांना रस्त्यातच कळलं होतं. पण कळलं म्हणून थांबायचं ही त्यांची रीत नव्हती.

मग त्यांना मोबाइलवर परदेशातल्या काही मंडळींचा शोध लागला. या लोकांकडे अशा जुन्या गाड्या होत्या ज्यांच्या इंजिनात पिस्टनच नसतो, त्याऐवजी एक तिकोनी लोखंड गोल फिरतं. त्या गाड्याही रस्त्यावर वाऱ्यासारख्या धावायच्या आणि उभ्या राहिल्या की थरथरायच्या. मालक लोक साधं पेट्रोल चांगलं की महागातलं, यावर एकमेकांचे कपडे फाडायचे बाकी होते. सरांना आपली माणसं भेटल्यासारखं झालं. तिथे एकजण सांगत होता की पेट्रोलमध्ये थोडं ऑइल मिसळलं की इंजिन शांत राहतं.

"सर, पण ते इंजिन येगळं आहे ना?" गोकुळनं विचारलं.

"तत्त्व एकच असतं," सर म्हणाले.

तत्त्व एक नव्हतं. ऑइल घातल्यावर गाडीच्या बुडातून असा पांढरा धूर निघाला की गल्लीतल्या बायकांनी पटापट खिडक्या उघडल्या. त्यांना वाटलं, डासांची फवारणी आली. सर धुरात उभं राहून स्वतःला म्हणाले, पाठक, बाकावर उभे राहा. वर्गात पोरांना देत तीच शिक्षा ते हल्ली मनातल्या मनात स्वतःला द्यायचे. गेल्या काही वर्षांत ते बाकावरून फारसे उतरलेच नव्हते.

आणि मग त्यांना तो शोध लागला. पेट्रोलमध्ये पाणी घालून हलवलं की तो उसाचा अर्क पेट्रोल सोडून पाण्यात जातो. पाणी जड, ते तळाशी बसतं. ते खालून काढून घेतलं की वर उरतं ते निर्मळ पेट्रोल. यात काहीच खोटं नव्हतं. प्रयोगशाळेत सरांनी हेच, फक्त दुसऱ्या नावानं, शेकडो वेळा करून दाखवलं होतं. तांदूळ धुतात तसं पेट्रोल धुवायचं.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरांनी पिण्याच्या पाण्याचा नळवाला जार मांडला आणि पेट्रोल धुवायला बसले. धुतलेलं पेट्रोल खाद्यतेलाच्या एका पांढऱ्या कॅनमध्ये भरलं. आता तळाचं पाणी. ते फेकायला सर मोरीकडे निघाले आणि दारातच थबकले. मे महिना होता. नळ पाळीनं यायचा. त्या घरात तांदळाचं पाणी जास्वंदीला, भाजीचं पाणी कढीपत्त्याला, कूलरमधून गळलेलं पाणीसुद्धा बादलीत धरून ठेवायची रीत होती. पाणी फेकलेलं दिसलं की पद्मजाबाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. चाळीस वर्षांच्या संसारात सरांच्या हाताला पाणी फेकायची सवयच उरली नव्हती. झाडांना ते चालणार नव्हतं, पण मुंग्यांवर शिंपडता येईल, गंजलेले नटबोल्ट भिजवता येतील, असं म्हणत त्यांनी ते पाणी तशाच दुसऱ्या पांढऱ्या कॅनमध्ये भरलं आणि पहिल्या कॅनशेजारी नीट ठेवलं.

आता इथे एक सांगायला हवं. प्रयोगशाळेत ज्या पोरानं बाटलीवर चिठ्ठी लावली नाही त्याला सर सांगायचे, "ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, तिच्यात काय आहे हे देवालासुद्धा माहीत नसतं." हे वाक्य बुलढाण्यात इतकं प्रसिद्ध होतं की त्यांचे विद्यार्थी आपापल्या पोरांना ते ऐकवायचे. सरांनी दोन्ही कॅनवर चिठ्ठी लावली नाही. कशाला लावायची? शेड आपलं, कॅन आपले, आणि डोकंही आपलंच. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

धुतलेलं पेट्रोल थोडं घालून सरांनी गाडी सुरू केली. गाडी उभी राहिली, नुसती उभी राहिली. आरसा हलला नाही, काचा हलल्या नाहीत. सरांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला, त्यात पाण्याला सुरकुतीसुद्धा पडेना. सरांनी पद्मजाबाईंना हाक मारून बाहेर बोलावलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं दिसतंय." त्यांच्या तोंडून ही फार मोठी स्तुती होती. सर इतके खूश झाले की पेल्यातलं पाणी त्यांनी जास्वंदीला घातलं.

मिरवणुकीच्या दिवशी सरांनी कॅन डिकीत ठेवला. हे अमृत रस्त्यात जाळायचं नाही, वेशीपाशी पोचल्यावर टाकीत ओतायचं, असा त्यांचा बेत होता. शेडमध्ये अंधार होता. चष्मा पुंजाजींसाठी घेतलेल्या धोतरजोडीच्या पिशवीत गेला होता. सरांनी कॅनचं झाकण उघडून वास घेतला. पेट्रोलचा वास आला. दुसऱ्या कॅनलाही तोच वास येतो, हे तपासायचं त्यांच्या मनात आलं नाही.

देऊळघाटच्या वेशीवर उन्हं उतरायला सगळं गाव जमलं होतं. पुंजाजी गुलाबी फेटा बांधून पुढे उभे होते आणि दर दोन मिनिटांनी डोळे पुसत होते. सरांनी दहा माणसांसमोर नरसाळं लावून कॅन टाकीत रिकामा केला. "काय होये सर हे?" कुणीतरी विचारलं. "धुतलेलं पेट्रोल," सर म्हणाले आणि विज्ञान समजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मास्तर म्हणतो म्हणजे असेल.

निशिगंधा फेटा बांधून पुढच्या सीटवर बसली. मागे तिची आई रुखमाबाई आणि पद्मजाबाई. गोकुळ आपल्या मोटरसायकलवर मागे होताच. बँड सुरू झाला. नळीत उरलेल्या आधीच्या धुतलेल्या पेट्रोलवर गाडी ऐटीत निघाली. पहिल्या घरासमोर ओवाळणी झाली, गाडी स्थिर उभी. दुसऱ्या घरासमोर झाली, तरी स्थिर. सरांनी आरशातून पद्मजाबाईंकडे विजयी नजर टाकली. ते भाषणातलं परावर्तनाचं वाक्य मनात घोळवायला लागले.

तिसऱ्या घरापाशी आरसा थरथरला, मग काचा, मग गजानन महाराज. गाडीनं एक अशी उचकी दिली की रुखमाबाईंच्या हातातलं तबक खाली पडलं. त्यानंतर सगळं शांत झालं. बँडवाल्यांना कळलं नाही. ते वाजवत वाजवत पुढे निघून गेले आणि मग मागे बघून तिथेच थांबले.

गाडी बंद पडली की सरांची शुद्ध भाषा आधी बंद पडायची. "काऊन वं बाई," ते गाडीलाच म्हणाले, "आजच काऊन?" चावी फिरवली, पुन्हा फिरवली. गोकुळनं बॉनेट उघडलं आणि पेचकस काढून तोच स्क्रू पिळला. गर्दीतून पुंजाजी धावत आले. सर खाली उतरून त्यांना आणि सगळ्या गावाला सांगायला लागले की हल्लीच्या पेट्रोलमध्येच राम राहिला नाही. आयुष्यात इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती. पोरीनं एवढ्या विश्वासानं मागितलेली एक गोष्ट, आणि ती आपण गावच्या मधोमध बंद पाडून ठेवली. पाठक, त्यांनी स्वतःला सांगितलं, आता बाकसुद्धा पुरायचा नाही.

पुढचं दार उघडलं. निशिगंधा उतरली. गळ्यातला हार काढून तिनं तो सरांच्या गळ्यात घातला, कारण ढकलताना तो मध्ये आला असता. पदर खोचला.

"सर, तुमी बसा. स्टिअरिंग धरा. दुसऱ्यावर टाका."

"अगं, तुझी मिरवणूक आहे."

"मंग काय झालं? बसा ना."

तिचा आवाज आता फौजदाराचा होता. सर बसले. ती मागे गेली आणि रोजच्यासारखा खांदा लावला. गाडी हलली. "हां, सोडा," ती ओरडली. गाडीला नुसता झटका बसला. मग गावच्या बायका आल्या, तिच्या मैत्रिणी आल्या, पुंजाजींनी फेटा सावरत हात लावला. बँडवाल्यांनी पुन्हा सूर धरला. अशी ती मिरवणूक पाराकडे निघाली. जिची मिरवणूक ती मागे घामाघूम, आणि गळ्यात हार घालून गाडीत एकटा बसलेला म्हातारा मास्तर. नव्यानं आलेल्या लोकांना वाटलं, सरांनाच काहीतरी मिळालंय. दोघातिघांनी त्यांना खिडकीतून ओवाळलं. एका बाईनं साखर भरवली. सरांनी मुकाट तोंड उघडलं, दुसरा इलाज नव्हता.

पारावर निशिगंधाच्या हातात माइक दिला. ती अजून धापा टाकत होती.

"लोक इचारतात, मैदानी परीक्षेची तयारी कुठं केली? गोळा इतका लांब कसा फेकला?" ती म्हणाली. "मी कोणत्या क्लासले नाई गेली. सरायच्या गाडीनं मले तयार केलं. रोज सकायी ढकलायची, चढावर. पाऊस असो, थंडी असो, ती बंद पडेच. पेट्रोल बदललं तरी पडे. म्हणून मले मिरवणुकीले तीच पायजे होती. मले तं भेव वाटून राह्यला होता, का सर तिले दुरुस्त करून आणतीन."

सगळं गाव हसलं. पुंजाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि पुन्हा डोळे पुसले. सर गाडीत स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसले होते. इतकी वर्षं आपण शिकवतो असं समजत होतो, आणि शिकवत होती गाडी. परावर्तनाचं वाक्य त्यांनी गुपचूप मनातून खोडून टाकलं. त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही दिसू नये म्हणून ते वर बघत नव्हते.

परत येताना गाडी पुंजाजींच्या ट्रॅक्टरला दोरानं बांधून आणली. सर स्टिअरिंगवर, पद्मजाबाई शेजारी. घाईत हार तसाच गळ्यात राहिला होता. बुलढाण्यात शिरल्यावर त्यांच्या विद्यार्थ्यांनी पावलोपावली नमस्कार केले. सरांना थांबायची गरज पडली नाही.

घरी आल्यावर सर म्हणाले, "उद्या भंगारवाल्याला बोलावतो. शब्द म्हणजे शब्द."

सर रिकामा कॅन घेऊन शेडमध्ये गेले. चष्मा आता नाकावर होता. कोपऱ्यात दुसरा पांढरा कॅन होता. त्यांनी तो हलवून पाहिला, झाकणात थोडं ओतून वास घेतला, बोटांवर घेऊन फुंकर मारली. बोटं लगेच कोरडी झाली. गाडीला त्यांनी गावासमोर पाणी पाजलं होतं, तेही नरसाळ्यानं, विज्ञान समजावून सांगत. कॅन उचलून मोरीत ओतला असता तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्या कॅनात धुतलेलं पेट्रोल होतं, ते फेकवेना, आणि मनातून ते आज दुसऱ्यांदा बाकावर उभे होते.

सर बाहेर आले. "पद्मजा, गाडी बंद पडली नाही. मी पाडली," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं.

पद्मजाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "चिठ्ठी?"

"नव्हती लावली."

"मग अट गाडीची होती," त्या म्हणाल्या. "तिची काही चूक दिसत नाही. भंगारवाल्याला फोन करा आणि विचारा, माणसं घेतो का."

आठवड्यानं गोकुळनं टाकी साफ करून गाडी आणून दिली, पंपावरचं साधं पेट्रोल भरून आणि रेस वाढवून. निशिगंधा नाशिकला ट्रेनिंगला गेली होती, वरच्या खोलीला कुलूप होतं. सकाळी सरांनी दुधाची किटली घेतली, गाडी काढली. फाटकाबाहेर आरसा थरथरला, काचा थरथरल्या, गाडी बंद पडली. सरांनी सवयीनं वरच्या खोलीकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. आता किटली घेऊन पायी जावं, असं म्हणत ते दार उघडायला लागले.

तेवढ्यात आरशात पद्मजाबाई दिसल्या. त्या पायऱ्या उतरून गाडीच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पदर खोचला.

"बसा आत," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यावर टाका."